देवीनाना आणि मागच्या दाराची डोण

घरात वस्तू घ्यायची ती माणसासकट, असा देवीनानांचा नियम होता. माणूस म्हणजे ती विकत घेणारा नव्हे, दान देणाराही नव्हे. ती हातात धरून वापरणारा. त्यानं एका रविवारी सगळ्यांसमोर बसायचं आणि ती वस्तू कशी धरायची, कुठं लागायची, कधी दगा द्यायची, हे सांगायचं. मगच ती फळीवर चढायची. सांगणारा नसेल तर वस्तू आली तशी परत.

घर म्हणजे चाकणमधलं डॉक्टरांचं घर. प्लेगच्या साथीत सगळा गाव रानात झोपड्या बांधून राहिला, तेव्हा हे डॉक्टर गावातच थांबले होते, असं जुनी माणसं सांगत. डॉक्टर गेले, मुलं पुण्याला गेली, आणि घर बंद पडलं. पडझड काही नव्हती. दगडी जोतं दीड-दोन हात उंच, वर विटांचे दोन मजले, कौलं शाबूत. चीनच्या लढाईनंतर एक-दोन वर्षांत नानांनी पुण्याला जाऊन डॉक्टरांच्या मुलाकडून किल्ली मागून आणली. लेखी काहीच नाही, नुसता शब्द. त्या शब्दावर चाकणचं संग्रहालय उभं राहिलं. ‘संग्रहालय’ मात्र फक्त पाटीवर. बोलताना सगळे ‘घर’च म्हणत.

मी त्या घराची चिटणीस होते. माझे यजमान चाकणच्या शाळेत शिक्षक, आणि मी पिंपरीच्या एका कंपनीत स्टोअरला. सकाळची एसटी, मोशी, भोसरी, नाशिक फाटा, पुढं दुसरी बस. स्टोअरमध्ये प्रत्येक नट-बोल्टाचं कार्ड असतं: नंबर काय, ठेवला कुठं, आला कधी, उरला किती. पहिल्या रविवारी मी त्या घरात गेले आणि माझे हात शिवशिवायला लागले. जात्याशेजारी कंदील, कंदिलावर टोपली, टोपलीत डॉक्टरांचा स्टेथोस्कोप. पुढच्या रविवारी मी रेघा मारलेली वही घेऊन गेले. नंबर, वस्तूचं नाव, देणाऱ्याचं नाव, आल्याची तारीख.

नानांनी चष्मा वर करून वही पाहिली.

“मास्तरीणबाई, वही झकास आहे. एक रकाना कमी आहे.”

“कोणता?”

“वापरली कोणी?”

मी लाल पेन्सिलीनं पाचवा रकाना आखला. तेव्हापासून आजपर्यंत मी घरच्या, कंपनीच्या, लग्नकार्याच्या किती याद्या केल्या असतील त्याला गणती नाही. पण एखाद्या यादीत माणूस राहून जाईल तर तो कोण, हे बघायची सवय त्या लाल रेघेनं लावली. त्यासाठी मी नानांची ऋणी आहे. बाकीचं पुढं येईलच.

नानांचं खरं नाव नारायण. आयुष्यभर तालुक्यात देवीची लस टोचत फिरले म्हणून देवीनाना. किडकिडीत अंग, धोतर, पायात कॅनव्हासचे बूट, आणि सायकलला मागं एक पत्र्याची पेटी. माणसांचे चेहरे त्यांच्या ध्यानात राहत नसत, दंड राहत. मंडईत कांद्याच्या ढिगाशी उभ्या असलेल्या बाप्याची बाही वर करून म्हणायचे, “तू कुरुळीचा. बैलपोळ्याच्या दिवशी टोचलं होतं, तू बैलाकडं पळत होतास, म्हणून डाग वाकडा.” तो बाप्या दोन मुलांचा बाप असायचा, पण लाजून हसायचा आणि पुढच्या रविवारी घरी यायचा. असे नानांनी गावोगावचे लोक गोळा केले. तालुक्यातल्या निम्म्या दंडांवर त्यांची सही होती, त्यामुळे त्यांना ‘नाही’ कोण म्हणणार?

कार्यक्रम महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी तीनला. तीन म्हणजे तीन. दवाखान्यातली जुनी पितळी घंटा नाना स्वतः वाजवत. हार नाही, अध्यक्ष नाही. पाहुणा कितीही मोठा असो, चटईवर. स्टूल एकच, डॉक्टरांच्या दवाखान्यातलं, त्याच्यावर फक्त सांगणारा. सांगणाऱ्यानं “पूर्वीच्या काळी” असं म्हटलं की नाना तिथंच अडवायचे.

“पूर्वी म्हणजे कधी? तुझं लग्न झालं होतं का तेव्हा?”

“झालं व्हतं.”

“पोरं?”

“थोरली रांगत व्हती.”

“हां. असं सांग. थोरली रांगत होती तेव्हा.”

आम्ही हसायचो. पण थोरली रांगत होती म्हटल्याबरोबर त्या बाईला चुलीजवळचं सगळं आठवायला लागायचं, हेही खरं.

एकदा एक बडे बागाईतदार मोटारीतून तलवार घेऊन आले. मूठ चांदीची, म्यान मखमली. गावातले चार प्रतिष्ठित बरोबर. म्हणाले, आमच्या घराण्याची आहे, महाराजांच्या वेळची.

नानांनी विचारलं, “चालवली कोणी?”

“पूर्वजांनी.”

“त्यांना रविवारी घेऊन या.”

चौघांपैकी एकाला हसू आवरेना. बागाईतदार मात्र लाल झाले. “नाना, चेष्टा करता?”

“चेष्टा नाही, दादा. तुमच्या मळ्यात मोट होती. ती तुम्ही स्वतः हाकलेली मी पाहिली आहे, दंड उघडा होता तुमचा. ती मोट आणा, स्टुलावर बसा, मी घंटा वाजवतो.”

तलवार मोटारीत गेली. मोट काही आली नाही. त्याच महिन्यात एका सुईणीची मोडक्या दांड्याची छत्री मात्र आम्ही वाजतगाजत घेतली. त्या छत्रीखाली ती पावसापाण्यात कुठं कुठं गेली आणि कोणाकोणाला या जगात आणलं, हे ऐकताना चटईवरची निम्मी माणसं आपलंच बारसं ऐकत होती.

दुसरी आठवण उस्मानभाईंची. ते कल्हईवाले. चाकणच्या पेठेत त्यांचं छोटं दुकान होतं, पण स्टीलची भांडी आली आणि कल्हईचा धंदा बसला. नानांनी त्यांना भात्यासकट बोलावलं. नानांची कल्पना अशी की उस्मानभाई एक पातेलं कल्हई करून दाखवतील आणि बोलतील. मी गावात निरोप देताना एक व्यावहारिक चूक केली. ‘ज्यांच्याकडे जुनी पितळी भांडी असतील त्यांनी आणावीत’ असं लिहिलं. रविवारी अंगणात भांड्यांचा डोंगर. घंगाळं, तपेली, परात, कोणाच्या सासूबाईंचं पाण्याचं पिंप. उस्मानभाई भाता फुंकतायत, नवसागराचा धूर उठतोय, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरतंय, आणि पातेलं आतून चांदण्यासारखं उजळलं की बायका “अगंबाई!” करतायत. चार वाजले, पाच वाजले. उस्मानभाई घामानं निथळत म्हणाले,

“नाना, एक बात सच सांगा. हा इतिहास आहे की फुकटची कल्हई?”

“उस्मानभाई, दोन्ही.”

“मग इतिहास मी करतो, कल्हईचं तुम्ही बघा!” असं म्हणून त्यांनी भात्याचा दांडा नानांच्या हातात दिला. नानांनी खरंच धोतर खोचून तासभर भाता मारला. दुसऱ्या दिवशी त्यांचा खांदा वर होत नव्हता. पण उस्मानभाईंच्या दुकानात पुढचे सहा महिने गिऱ्हाईक होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्याकडची माणसं पिंपरीच्या कंपन्यांत कामाला यायला लागली. घर चालवणाऱ्या आमच्या कमिटीतल्या एकानं विचारलं की या बाहेरच्यांना रविवारी कशाला बोलवायचं, त्यांचा चाकणच्या इतिहासाशी संबंध काय. नाना म्हणाले, “तो बीडहून आला तेव्हा इतिहास तिकडंच ठेवून आला का?” आणि एका वेल्डरची पत्र्याची ट्रंक फळीवर चढली. तीत तो दोन सदरे आणि पाच शेर ज्वारी घेऊन आला होता. ज्वारी किती दिवस पुरली, हे त्यानं दिवस मोजून सांगितलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येते.

नाना डॉक्टरांना देव मानत. मॅट्रिकला आपटलेल्या नारायणाला डॉक्टरांनी कंपाउंडर म्हणून ठेवून घेतलं, दवाखान्यातच झोपायला जागा दिली, आणि पुढं खटपट करून लस टोचण्याच्या सरकारी नोकरीत चिकटवलं. दवाखान्याच्या खोलीत डॉक्टरांचा फोटो होता. नाना दिवसातून दहा वेळा त्याच्यापुढून जात आणि दहाही वेळा टोपी काढत.

घराच्या मागच्या भिंतीत, मागच्या दाराशेजारी, एक दगडी डोण बसवलेली होती. गुरांना पाणी पाजायला असते तसली, पण लहान, हातभर लांब. भिंतीला तिथं खिडकीएवढी मोकळी जागा ठेवलेली; डोणीची एक बाजू घरात, दुसरी मागच्या बोळात. घरात उभं राहिलं की ती गुडघ्याशी येई. बोळ बराच खाली. आतल्या बाजूला, बोळातूनही दिसेल अशी, नानांच्या वळणदार अक्षरातली पाटी होती: ‘गुरांची डोण’.

माझ्या वहीत तिचा नंबर एक्केचाळीस. पाचवा रकाना रिकामा. सगळ्या वहीत एवढाच.

मी नानांना विचारलं. ते फटकन म्हणाले, “गुरं काय स्टुलावर बसून सांगणार आहेत?” सगळे हसले, मीही हसले. पण रिकामा रकाना मला झोपू देत नाही. डॉक्टरांकडे गुरं नव्हती. होती एक घोडी, आणि ती पुढच्या अंगणात बांधत, हे नानांनीच सांगितलेलं. पुन्हा विचारलं तेव्हा ते मला पहिल्यांदाच ‘अहो’ म्हणाले. “अहो, एवढ्या चाळीस वस्तू झाल्या, एक राहिली तर काय बिघडलं?” नानांच्या तोंडी हे वाक्य शोभत नव्हतं.

आमच्या स्टोअरला बबन नावाचा मदतनीस होता. घर काळेवाडीत, मूळ माणसं चाकणची, बौद्ध. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, “तुझ्या आईला डॉक्टरांचं घर आठवतं का रे?”

“आठवतं म्हंजी? बाई, माझ्या मामाचा जीव त्या घरानं वाचवला. दर दसऱ्याला ऐकतो आम्ही.”

मला आनंद झाला. डॉक्टरांची पुण्यतिथी पुढच्या पंधरवड्यात होती आणि नाना सांगणारं माणूस शोधतच होते. मी म्हटलं, येत्या रविवारी आईला घेऊन ये, आधी घर पाहू दे.

भागूबाई आल्या. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, हिरवं लुगडं, डोईवर पदर. मी पुढच्या पायऱ्यांवर उभी राहून “या, या” म्हणतेय, तर त्या पायऱ्यांकडे न बघता घराला वळसा घालून बोळात शिरल्या. बबन म्हणाला, “आये, अगं दार हिकडं हाय!” त्या चालतच राहिल्या. मी धावत मागं गेले. त्या डोणीसमोर थांबल्या होत्या.

“ही काय, हितंच हाय की अजून.” मग पाटीकडे बोट करून लेकाला विचारलं, “काय लिवलंय रं?”

बबननं वाचलं.

भागूबाई हसल्या. खदखदून हसल्या. “गुरांची? मंग आमी गुरं व्हय रं, बबन्या?”

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या वस्तीतल्या माणसांनी औषधाला यायचं ते मागून. पुढच्या पायऱ्या त्यांना नव्हत्या. रिकामी बाटली डोणीतल्या पाण्यात ठेवायची, मागं सरकायचं. पाण्यातली वस्तू उचलली की विटाळ होत नाही. आतून कंपाउंडर बाटली उचलणार, भरून पुन्हा पाण्यात ठेवणार. मग आपण पुढं व्हायचं.

एवढ्यात मागचं दार उघडलं. आवाज ऐकून नाना आले होते.

भागूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “तुमी त्येच कंपोंडर न्हवं?”

नानांनी टोपी काढली, हातात धरली, आणि दार तसंच उघडं टाकून आत निघून गेले.

बुधवारी ते माझ्या घरी आले. यजमान शाळेत होते, मी आजारपणाच्या रजेवर. पाणी घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाले, “पाटी मीच लिहिली. चुकून नाही.”

“मला वाटलंच,” मी म्हटलं.

“डॉक्टर त्या वस्तीला औषध द्यायचे, त्याबद्दल गावानं त्यांना नावं ठेवली होती. दुसरा कोणी देत नव्हता. आता लोक काय बघतील? डोण बघतील.”

पेच साधा नव्हता. पुण्यतिथीला डॉक्टरांचे नातू, पुण्यातले वकील, यायचे होते. त्यांचे वडील वारले होते आणि घर आता त्यांच्या नावावर होतं. घर कायमचं कमिटीला द्यायचा कागद तयार करून ते बरोबर आणणार होते. बारा वर्षं आम्ही त्या कागदाची वाट पाहत होतो. त्याच दिवशी त्यांच्या आजोबांच्या फोटोखाली बसून भागूबाई डोणीबद्दल बोलल्या, तर कागदाचं काय होईल, हे कळायला वकील असावं लागत नव्हतं.

मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, “नाना, कागद होऊ द्या. भागूबाईंना पुढच्या महिन्यात बोलावू. पाटी तोवर काढून ठेवू. एका महिन्याचा तर प्रश्न.”

“म्हणजे कागद आधी आणि माणूस मागून. मग तो तलवारवाला काय वाईट होता, मास्तरीणबाई? चांदीची मूठ होती.”

माझा सल्ला मी इथं लिहून ठेवते, कारण तो खरोखर दिला होता, आणि तो चुकीचा होता.

त्याच दिवशी नाना सायकलवर काळेवाडीला गेले. सत्तरीला आलेला माणूस. मोशीवरून, नदी ओलांडून. तिथं काय झालं ते बबननं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. नाना दाराबाहेर उभे राहून म्हणाले, “भागूबाई, पुण्यतिथीला येऊन सांगाल का?” भागूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “यीन की. पर तुमी बी बसायचं. बाटली ठेवायची कशी त्ये मी सांगीन. उचलायची कशी त्ये मला काय म्हाईत? आमी तर पाठमोरं असायचो.”

नाना म्हणाले, “हो. नियमच आहे.”

पुण्यतिथीच्या रविवारी घर गच्च भरलं होतं. वकीलसाहेब पुढं चटईवर, मांडीवर चामड्याची बॅग. कार्यक्रम नानांनी मागच्या खोलीत, डोणीपाशी ठेवला. तीनची घंटा झाली. भागूबाई या खेपेला पुढच्या पायऱ्यांनी आल्या, स्टुलावर बसल्या, लुगडं सारखं केलं. स्टूल एकच होतं. नाना डोणीला टेकून फरशीवर बसले.

भागूबाईंनी आधी भावाचं सांगितलं. तो तापानं फणफणलेला, अंगाची शुद्ध नाही. डॉक्टरांनी सात दिवस औषध दिलं, एक पैसा घेतला नाही. दोनदा स्वतः वस्तीच्या कडेपर्यंत आले, चिंचेखाली उभे राहिले आणि विचारून गेले. “देवमानूस व्हता,” त्या म्हणाल्या. वकीलसाहेबांनी मान डोलावली. “भाऊ अजून हाय माझा. नातवंडं खेळवतो.”

मग त्यांनी डोणीकडे हात केला. “आता ह्येचं सांगते.”

त्यांचं निम्मं झालं असेल, वकीलसाहेब उठून उभे राहिले. “आजी, माझ्या आजोबांनी फुकट औषध दिलं, ते सांगा ना.”

“त्येच आधी सांगितलं की, साहेब. आता ह्ये मागचं बी ऐका. औषध पुढल्या दारानं कुटं आलं व्हतं?”

मागं कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. वकीलसाहेब बसले.

भागूबाईंचं झाल्यावर नानांनी सुरुवात केली. आवाज नेहमीचा, लस टोचताना आकडे सांगावेत तसा. बाटली पाण्यात दिसली तरी लगेच पुढं व्हायचं नाही. ती माणसं सात पावलं मागं जाईपर्यंत थांबायचं. मग बाटली काढायची, फडक्यानं पुसायची, भरायची, पाण्यात सोडायची. बोट पाण्याला लागलं तरी चालायचं, कारण वाहतं पाणी शुद्ध. “ते वाहत नव्हतं,” नाना म्हणाले. “सकाळी मी भरायचो, संध्याकाळी मी उपसायचो. मला ठाऊक होतं.”

मग ते थांबले. आम्हाला वाटलं संपलं.

“एक दिवस ही आली. नऊ-दहा वर्षांची असेल. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. मी बाटली भरली आणि ती पाण्यात सोडायची, ती वरूनच टाकली. वाकायचा कंटाळा. शिवाय ही जरा जवळ उभी होती. बाटली दगडावर आपटून फुटली. मी हिला म्हटलं, दुसरी घेऊन ये. ही रडत गेली. दुसरी बाटली घेऊन आली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिच्या भावाचा एक डोस चुकला. डॉक्टरांना मी सांगितलं, पोरीच्या हातून फुटली.”

भागूबाई स्टुलावरून खाली बघत म्हणाल्या, “त्ये मी इसरले व्हते.”

“मी नाही,” नाना म्हणाले.

“घरी मार खाल्ला व्हता मी. आता आठिवलं.” आणि नानांकडे वळून, “तुमी सांगितलं त्ये बरं केलं. मला तवा वाटलं व्हतं, माज्याच हातून फुटली आसंल.”

वकीलसाहेबांनी चहा घेतला नाही. दारात जाऊन ते नानांना म्हणाले, “नाना, आजोबांनी तुम्हाला उभं केलं. हे तुम्ही त्यांना दिलंत?”

“उभं केलं, साहेब. खोटं नाही.”

“बाकी कोणाच्या घरी पुढून घेत होते? सगळ्या गावात हेच होतं. मग आमच्याच घराला का?”

“कारण बाकीच्यांनी मागूनही दिलं नाही,” नाना म्हणाले. “तिथं जाऊन विचारायला डोणही नाही.”

बॅग उघडली गेली नाही. मोटार गेली.

नानांनी त्याच संध्याकाळी पाटी पुसून नवी लिहिली: ‘औषधाची डोण. बाहेरून बाटली ठेवणार, भागूबाई. आतून उचलणार, नारायण.’ मी वहीत एक्केचाळीस नंबरापुढं दोन्ही नावं भरली. डॉक्टरांचा फोटो जागेवरच राहिला आणि नाना त्याच्यापुढून जाताना टोपी काढत राहिले. त्यात कोणाला विसंगती वाटली तर वाटो. त्यांना वाटत नव्हती.

तीन महिन्यांनी पत्र आलं. वर्षअखेर घर रिकामं करून मिळावं. भाषा सभ्य होती. कमिटीतले काही जण नानांवर चिडले, एकानं तर तोंडावर म्हटलं, “एका डोणीपायी बारा वर्षं घालवलीत.” नाना म्हणाले, “बारा वर्षं कुठं गेली? तुमच्या बहिणीनं स्टुलावर बसून सांगितलं, ते परत घेता येतं का?” दुसऱ्या दिवसापासून आम्ही आवराआवर सुरू केली. प्रत्येक वस्तूचा माणूस वहीत होता, त्यामुळे एकही वस्तू भंगारात गेली नाही. सुईणीची छत्री तिच्या नातीकडे, ट्रंक वेल्डरकडे, भाता उस्मानभाईंकडे. उस्मानभाई म्हणाले, “नाना, घर गेलं तर गेलं. भाता मारायला दुकानात येत जा.” घंटा नानांनी डॉक्टरांच्या नातवाला पोस्टानं पाठवली. डोण भिंतीत होती, ती कुठं जाणार? मी भागूबाईंना विचारलं, काढता आली तर हवी का? त्या म्हणाल्या, “मला ग काय करायचीय? मी नळाचं पानी पिते.”

घर एका माल वाहतूकवाल्यानं गोदामाला भाड्यानं घेतलं. पुढं लोखंडी शटर बसलं. नंतर आम्ही चिंचवडला राहायला आलो आणि चाकण माझ्याकडून सुटलं. नानांचं एखादं कार्ड यायचं: अमक्या शाळेत कुंभाराचा रविवार केला, तमक्या देवळात घिसाडी येऊन बोलला, तारखेसकट. भागूबाई वारल्याचंही त्यांनीच कळवलं.

मध्यंतरी एका लग्नासाठी चाकणला गेले होते. रविवार होता. जेवणं आटोपून एसटी गाठायची म्हणून पेठेतून जवळची वाट धरली, ती डॉक्टरांच्या घरामागच्या बोळातून जाते. बोळात गोणपाटं टाकून पंधरा-वीस माणसं बसली होती. बरीचशी कंपनीतली तरुण पोरं, दोन-चार बायका, कडेला बबन. आणि समोर, भिंतीपाशी, नाना. फारच वाकले होते. आत जायला वाट नव्हती, म्हणून ते बाहेरच्या बाजूनं सांगत होते. आधी भागूबाईंचं सांगितलं, मग आपलं. बाटली फुटली तेही सांगितलं.

एका मुलीनं विचारलं, “आजोबा, म्हणजे तुम्ही इथं उभे असायचा?”

“नाही गं. इथं ती. मी आत, तिकडं.” त्यांनी डोणीवरच्या, आता बुजवलेल्या खिडकीकडे बोट केलं. “इथं मी पहिल्यांदा उभा राहिलो तो घर गेल्यावर. तोवर मला ठाऊक नव्हतं की ही कड किती उंच आहे. आतून माझ्या गुडघ्याला यायची.”

मग त्यांनी एक हात भिंतीला लावला आणि हळूहळू गुडघे वाकवायला लागले. बबन धरायला पुढं झाला, त्याला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. दगडाची कड त्यांच्या हनुवटीशी आली तेव्हा ते थांबले. नऊ वर्षांच्या पोरीची उंची. तिथून त्यांनी दुसरा हात वर केला, बाटली ठेवावी तसा, आणि तो कडेवरून आत, पाणी असायचं तिथवर पोचवायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

“या,” ते तसेच राहून म्हणाले. “एकेकानं या आणि करून बघा.”

गोणपाटावरची माणसं उठून ओळीनं उभी राहिली. माझी एसटी पाच-सात मिनिटांत सुटणार होती. मी हातातली पिशवी भिंतीशी ठेवली आणि ओळीत उभी राहिले.